कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करायची का?



अटॅक येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या माणसाला डॉक्टर रोजची एक गोळी देतात: अटोर्व्हास्टॅटिन नाहीतर रोसुव्हास्टॅटिन. काही महिन्यांत रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि पुढच्या ट्रिपला गोळी घरीच राहते. म्हणून आज हजीऱ्याच्या आपल्या सभासदांसाठी ही माहिती.

रक्तात काय होतं?
बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं. स्टॅटिन ते काम मंद करते. मग लिव्हर आपली गरज भागवायला रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेतं. अटोर्व्हास्टॅटिनच्या ४० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण निम्म्यावर येतं. १६० असेल तर ८० च्या आसपास.

पण गोळी बंद केली की काही आठवड्यांत ते परत चढतं. बोटीत पाणी झिरपतंय, पंप चालू आहे म्हणून तळ कोरडा आहे. तळ कोरडा दिसला म्हणून पंप बंद करतो का आपण?

हार्टला फायदा किती?
‘आम्ही मासे खातो, आम्हाला काय होणार?’ असं बरेच जण म्हणतात. नॉर्वे, आइसलँडचे लोकही मासे खाणारेच. तिथे आणि शेजारच्या देशांत हृदयविकाराच्या ४,४४४ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, १९९४ साली निकाल आला. निम्म्यांना स्टॅटिन, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. पाच-साडेपाच वर्षांत स्टॅटिनवाले १८२ दगावले, दुसऱ्या गटातले २५६.

लक्षात ठेवा:
१. ट्रिपच्या दिवसांपेक्षा चार-पाच गोळ्या जास्त घ्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.
२. या दोन गोळ्या दिवसात कधीही चालतात, फक्त वेळ रोज एकच ठेवा. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.
३. अंग खूप दुखलं, लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले तर लगेच डॉक्टर गाठा.
४. साखर थोडी वाढू शकते, तीही तपासत राहा. गरोदर बाईने डॉक्टरांना आधी सांगावं.
५. दुसऱ्याची गोळी बघून आपण सुरू करू नका.
६. तंबाखू-बिडी चालूच असेल तर एकटी गोळी पुरी पडत नाही.

पावसाळी बंदीत बोट किनाऱ्याला असते, तेव्हा लिपिड प्रोफाइल करून घ्या. डोस कमी करायचा की बदलायचा, ते डॉक्टर ठरवतील. तोवर गोळी चालू ठेवा.