करवतीचा पट्टा

चाकणचे नाव काढताच संग्रामदुर्गाची आठवण होते. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर सैनिकांनिशी शायिस्ताखानाच्या अफाट फौजेशी येथे सुमारे दोन महिने झुंज दिली. आज त्याच चाकणच्या परिसरात मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. तेथील जड यंत्रभाग दूरदेशी धाडावयाचे, तर लाकडी पेट्या लागतात. या पेट्यांसाठी लाकूड कापणारे एक उपयुक्त यंत्र म्हणजे पट्टाकरवत.

या करवतीत एकावर एक अशी दोन चाके असतात. त्यांवरून दातेरी पोलादी पट्टा माळेसारखा फिरतो. १८०८ साली विल्यम न्यूबेरी या इंग्रज गृहस्थाने अशा करवतीचे पेटंट घेतले. परंतु तिचा पट्टा सांध्यापाशी वारंवार तुटे. १८४६ साली क्रेपें नावाच्या फ्रेंच स्त्रीने मजबूत सांध्याची युक्ती शोधली, आणि मग हे यंत्र खरे उपयोगी ठरले.

वेगाने फिरणारा हा पट्टा चाकावरून घसरत कसा नाही? चाकाच्या कडेवर रबराची धाव असते व ती मध्यभागी किंचित फुगीर असते. ताणलेला पट्टा अशा चाकाच्या उंच भागाकडेच ओढला जातो. जुन्या पिठाच्या गिरणीचा रुंद पट्टाही याच कारणाने चाकावर टिकून राही. मात्र वरचे चाक थोडे अधिक कलले, की पट्टा पुढे किंवा मागे सरकू लागतो. चाकावरून निसटलेला पट्टा म्हणजे मोकाट सुटलेली तलवारच होय!

अशाच एका कारखान्यात एक तरुण उमेदवार काम शिकत होता. एके दिवशी पट्टा पुढे सरकत असल्याचे त्याच्या ध्यानी आले. माल नेणारी गाडी दाराशी खोळंबली होती. चालू यंत्राचे झाकण उघडण्यासाठी त्याने हात पुढे केला. इतक्यात वृद्ध मिस्त्री गरजले, "थांब!" त्यांनी तत्काळ यंत्र बंद केले.

"काका, गाडी केव्हाची उभी आहे," उमेदवार म्हणाला.

"गाडी थांबेल, बाळ. तुटलेले बोट पुन्हा उगवत नाही."

मिस्त्रींनी प्रथम विजेची जोडणी काढावयास लावली. चाके पूर्णपणे थांबल्यावर झाकण उघडले. उमेदवाराने जाड हातमोजे चढविले. पट्ट्याला आधार देणारे ठोकळे व पाठीमागचे छोटे चाक त्याने दूर सारले, पट्ट्याचा ताण पाहिला आणि वरचे चाक हाताने सावकाश फिरविले. पट्टा पुढे येत होता. म्हणून चाकाचा माथा मागे कलेल, अशा बेताने त्याने पेच अगदी थोडा फिरविला. पुन्हा चाक फिरविले, पुन्हा पाहिले. तिसऱ्या खेपेस पट्टा मध्यावर स्थिर झाला. मग त्याने पेच घट्ट केला आणि ठोकळे पट्ट्यापासून कागदाच्या जाडीइतक्या अंतरावर आणले. पाठीमागचे चाकही पट्ट्याला टेकणार नाही, इतपतच जवळ घेतले.

"आता झाकण लाव आणि हातमोजे काढ," मिस्त्री म्हणाले. "चालू यंत्रात हातमोजा अडकला, तर हातही आत ओढला जातो."

वीज जोडून दोघे बाजूस उभे राहिले. क्षणभर यंत्र चालवून पाहिले. पट्टा जागचा हलला नाही.

गाडी थोडी उशिरा निघाली. पण उमेदवाराची दहाही बोटे शाबूत होती. यंत्र माणसाचे बळ वाढविते. ते बळ हितकारक ठरावे, यासाठी माणसाने सावधपणा सोडता कामा नये.

शब्दार्थ : धाव – चाकाच्या कडेवर बसविलेले वेष्टन, उमेदवार – काम शिकणारा, शाबूत – धड, सुरक्षित.

स्वाध्याय
१. पट्टा चाकाच्या मध्यभागी का टिकून राहतो?
२. हातमोजे केव्हा घालावेत व केव्हा काढावेत? का?
३. "तुटलेले बोट पुन्हा उगवत नाही," या वाक्यातून मिस्त्रींना काय सुचवावयाचे आहे?