केरसुणी हाती घेण्यापूर्वी

मुंबईत १८९६ साली आलेल्या प्लेगच्या गोष्टी आपल्यापैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील. घरात उंदीर पडला की लोक बिऱ्हाड हलवीत. प्लेगने आधी उंदीर मरत आणि मग त्यांच्या अंगावरील पिसवा माणसांना चावत. म्हणजे उंदीर मरता मरता इशारा तरी देई. आज ज्या रोगाची माहिती द्यावयाची आहे, त्यात असा इशारा मिळत नाही.

हा रोग हंता नावाच्या विषाणूंमुळे होतो. कोरियन युद्धात १९५१ ते १९५३ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या तीन हजारांवर सैनिकांना ताप, रक्तस्राव व मूत्रपिंडाचा विकार जडला. कारण सापडेना. अखेर १९७६ साली ली हो-वांग या कोरियन शास्त्रज्ञास शेतातील पट्टेरी उंदराच्या फुप्फुसांत विषाणूचा माग लागला. हंतान नदीवरून त्याला नाव मिळाले.

पुढे १९९३ साली अमेरिकेच्या न्यू मेक्सिको, ॲरिझोना भागात धडधाकट तरुण माणसे अचानक दगावू लागली. त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरत होते. हाही हंताचाच एक प्रकार निघाला. तो तेथील रानउंदरांत आढळला. या प्रकारात शंभर रुग्णांपैकी पस्तीस ते चाळीस दगावतात. प्लेगवर हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईतच लस तयार केली. हंताच्या या प्रकारावर मात्र अजून लस नाही.

विषाणू बाळगणारा उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. त्याच्या मुतातून, लेंड्यांतून व लाळेतून विषाणू बाहेर पडतो. ते सुकले आणि कोणी झाडू मारला, की धुळीबरोबर तो श्वासात जातो. पिसू लागत नाही, की चावा लागत नाही. प्रत्येक उंदरात हा विषाणू असतो असे नाही. परंतु नुसते पाहून ते ओळखता येत नाही.

म्हणून बंद ठेवलेली खोली, माळा किंवा गाडीचे गॅरेज उघडताना एवढे करावे :

१. दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावे.
२. कोरडी केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये.
३. रबरी हातमोजे घालावे. एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी यांचे ताजे मिश्रण लेंड्यांवर शिंपडून पाच मिनिटे भिजू द्यावे.
४. कागदाने पुसून, पिशवीत बांधून टाकावे. नंतर हात साबणाने धुवावे.
५. भिंतीतील भोके बुजवावी. धान्य झाकणाच्या डब्यात ठेवावे.

अशा साफसफाईनंतर एक ते आठ आठवड्यांत ताप, मांड्या-पाठीत दुखणे किंवा धाप लागल्यास लगेच दवाखान्यात जावे. उंदरांची घाण साफ केली होती, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. आरंभी हा आजार साध्या फ्लूसारखा दिसतो. आपल्या त्या एका वाक्याने डॉक्टर वेळीच सावध होतील.