हवेचा लगाम

लोधिवली हे खालापूर तालुक्यातील गाव मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावर आहे. बोरघाट उतरलेले मालट्रक खोपोली आणि चौक मागे टाकून येथून मुंबईकडे जातात. एखादा ट्रक थांबतो, चालक ब्रेकवरचा पाय काढतो आणि ‘फुस्स’ असा आवाज येतो. हा आवाज कोंडलेली हवा बाहेर पडल्याचा असतो. वीस टनांचे धूड याच हवेने आवरलेले असते.

घाटमाथ्यावरील लोणावळ्यापासून खोपोली पाचशे मीटरांहून अधिक खाली आहे. उतारावर गुरुत्वाकर्षण ट्रकला सतत खाली ओढते. शिवाय चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही. तिच्या या गुणाला जडत्व म्हणतात. तिला थांबवण्यास उलट दिशेचे बल लावावे लागते. ब्रेक हे बल घर्षणाने निर्माण करतात. मात्र घर्षणाने उष्णता उत्पन्न होते. वेग दुप्पट झाला, तर थांबवताना उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते! सारा घाट ब्रेक दाबूनच उतरू पाहणाऱ्या ट्रकचे ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो आणि त्यांची पकड सुटू लागते. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा जाणत्या चालकांचा नियम आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना आवरून धरते.

आता हवेचे काम पाहू. वायूचे असंख्य सूक्ष्म कण सर्व दिशांना धावत असतात आणि भांड्याच्या भिंतींवर आदळतात. या माऱ्यालाच दाब म्हणतात. तेवढ्याच जागेत अधिक हवा कोंबली, की मारा वाढतो. ट्रकच्या टाकीत दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे आठ किलोग्रॅम वजनाइतका दाब असतो. शंभर चौरस सेंटिमीटरच्या पडद्यावर ही हवा सोडली, तर आठशे किलोग्रॅम वजनाइतके बल मिळते. चालकाचा पाय केवळ हवेची वाट उघडतो.

पण हवेची नळीच फुटली तर? अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांच्या 1869 च्या रेल्वे-ब्रेकमध्ये नळी फुटली, की ब्रेकच निकामी होत. 1872 मध्ये त्यांनी युक्ती उलटी केली. प्रत्येक डब्याला हवेची स्वतंत्र टाकी दिली. नळीत दाब असेतोवर ब्रेक मोकळे राहतात. दाब उतरला, की टाकीतील हवा ते आवळते. गाडी तुटून दोन तुकडे झाले, तरी दोन्ही तुकडे थांबतात. आजच्या पुष्कळ अवजड ट्रकांतही हवा ओसरली, की तिने मागे रेटून धरलेली भक्कम स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लावते.

बोरघाटातील लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला, तेव्हा ही सोय नव्हती. सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर उतरणाऱ्या चढावावर माणसे हातानेच ब्रेक आवळीत. पुढे या घाटात चढणीवर जाणारे आडमार्ग ठेवले गेले. त्यांना ‘कॅच सायडिंग’ म्हणतात. उतरणारी गाडी आधी तेथे थांबते. ती ताब्यात आहे अशी खात्री पटल्यावरच मुख्य मार्गाचे रूळ जोडले जातात. न थांबलेली गाडी आडमार्गावर शिरते आणि ज्या गुरुत्वाकर्षणाने तिला पळवले, तेच तिला चढणीवर मागे ओढून थांबवते.