विद्युत वाहन दीर्घकाळ उभे ठेवताना

बदलीचा आदेश हाती पडतो, परदेशी असलेल्या मुलाकडे सहा महिने राहावयास जाण्याचे ठरते, अथवा घरात दीर्घ आजारपण उद्भवते आणि दारातील वाहन तसेच उभे राहते. पेट्रोलच्या वाहनाची अशा वेळी कोणती काळजी घ्यावी, हे बहुतेकांना अनुभवाने ठाऊक असते. विजेवर चालणाऱ्या वाहनाबाबत मात्र हाच अनुभव दिशाभूल करू शकतो. या वाहनाच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीत सामावलेला असतो आणि कर्जाचे हप्ते वाहन उभे असतानाही थांबत नाहीत. म्हणून हा विषय केवळ तांत्रिक जिज्ञासेचा नव्हे.

जाताना बॅटरी शंभर टक्के भरून ठेवावी, हा सर्वसाधारण समज होय. तो आला शिसे-आम्ल बॅटरीपासून. घरातील इन्व्हर्टर, पेट्रोलच्या मोटारी, इतकेच काय २००१ साली बंगळूरहून बाजारात आलेली छोटी ‘रेवा’ ही विद्युत मोटारदेखील याच बॅटरीवर चालत असे. ही बॅटरी रिकामी राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व तिची क्षमता कायमची घटते. तिला भरलेली ठेवणे योग्यच होते.

आजच्या वाहनांतील लिथियम-आयन बॅटरीचे शास्त्र वेगळे आहे. ती पूर्ण भरलेली असताना आतील विद्युतदाब सर्वाधिक असतो. त्या अवस्थेत विद्युतअग्र आणि द्रावण यांच्यातील अनिष्ट रासायनिक क्रिया वाहन जागचे न हलताही चालू राहतात व बॅटरी वृद्ध होत जाते. उष्णता या क्रियांना वेग देते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पूर्ण भरलेली बॅटरी ठेवणे म्हणजे दोन्ही अपाय एकत्र आणणे होय. उलट टोकही तितकेच वाईट. बॅटरी अगदी रिकामी होऊन तशीच पडून राहिली, तर आतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो, आणि पुढे चार्ज करताना तेच तांबे भलत्या जागी साचून अंतर्गत शॉर्टसर्किटचा धोका निर्माण होतो. यास्तव दीर्घ मुक्कामासाठी निम्म्याच्या आसपास, म्हणजे सुमारे ५० ते ६० टक्के चार्ज ठेवून वाहन सावलीत उभे करणे हिताचे. आपल्या वाहनाच्या पुस्तिकेत निराळा आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा. हमीच्या अटीही त्याच पुस्तिकेत असतात.

लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीसाठी काही उत्पादक अधूनमधून शंभर टक्के चार्ज करण्यास सांगतात. हा सल्ला नित्य वापरासाठी असतो, कारण या प्रकारात उरलेल्या चार्जचा अंदाज यंत्रणेला अचूक ठेवावा लागतो. साठवणुकीचा नियम तिलाही लागू आहे.

उभ्या वाहनातही देखरेखीची यंत्रणा व मोबाईलशी जोडणी थोडीथोडी वीज वापरत असते. समजा, आठवड्याला दोन टक्के वीज खर्च होत आहे. तर दहा टक्क्यांवर सोडलेले वाहन पाच आठवड्यांत रिकामे होईल आणि पन्नास टक्क्यांवर सोडलेले जवळपास सहा महिने तग धरील. विश्वासू शेजाऱ्याने महिन्यातून एकदा आकडा पाहिला, तर उत्तम.

आता गंमत अशी की, बहुतेक विद्युत मोटारींत बारा व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते, आणि ती अनेकदा त्याच जुन्या शिसे-आम्ल जातीची असते. दारे, दिवे, संगणक यांचा कारभार तिच्याकडे. ती मृत झाली की मोठी बॅटरी अर्धी भरलेली असूनही मोटार उघडत नाही. म्हणजे एकाच वाहनात एका बॅटरीला अर्धपोटी राहणे मानवते, तर दुसरीला पोटभर. काही मोटारी छोटीला मोठीतून आपोआप वीज देतात, सर्वच देत नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा कोणी मोटार ‘रेडी’ स्थितीत अर्धा तास ठेवली, तर प्रश्न सुटतो. येथे धूर नसल्याने बंद गॅरेजमध्येही धोका नाही. तसे शक्य नसेल तर पुस्तिकेप्रमाणे तिची ऋण जोडणी सोडवावी, मात्र तत्पूर्वी दार किल्लीने उघडते ना, याची खात्री करावी. नारिंगी आवरणाच्या तारांना हात लावू नये.

स्कूटरची बॅटरी निघत असल्यास ती घरात कोरड्या, थंड जागी ठेवावी. गॅसच्या शेगडीजवळ किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर नको. टायरमध्ये हवा पुरेशी भरावी, उंदरांचा बंदोबस्त करावा. पावसाळ्यात तळघरातील पार्किंग टाळावे. ‘आयपी ६७’ या मानांकनाची चाचणी एक मीटर पाण्यात तीस मिनिटांचीच असते. तुंबलेले तळघर दोन दिवस भरलेले राहू शकते.

विम्याकडेही लक्ष हवे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन व दुचाकीस पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा घ्यावा लागतो. पण स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा बहुधा वर्षाचाच असतो व आपल्या अनुपस्थितीत संपू शकतो. त्याच्या नूतनीकरणास नव्वद दिवसांहून अधिक विलंब झाल्यास ‘नो क्लेम बोनस’ गमावला जातो. आग वा पूर उभ्या वाहनालाही गाठतात, हे येथे ध्यानी घ्यावे.

परतल्यावर प्रथम छोटी बॅटरी तपासावी, आणि मोठी बॅटरी जलद चार्जरऐवजी घरच्या संथ चार्जरवर लावावी. लेह किंवा श्रीनगरच्या हिवाळ्यात तापमान शून्याखाली असेल, तर वाहन ऊबदार जागी आणल्यावरच चार्जिंग सुरू करावे. चार्ज शून्यावर गेला असेल, बॅटरी फुगलेली दिसली अथवा पाण्यात बुडाल्याचा संशय असेल, तर चार्जर न लावता अधिकृत सेवाकेंद्राला बोलवावे.