प्रतिज्ञेतील ‘बांधव’ : एका शब्दाचा इतिहास

शाळेच्या परिपाठात प्रतिज्ञा म्हटली जाते. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीसही ती छापलेली असते. नित्य उच्चाराने ती प्रत्येकाला तोंडपाठ होते. मात्र ती कोणी लिहिली आणि ती आपणांकडून नेमके काय मागते, याचा विचार क्वचितच होतो. इतिहासाचे शिक्षक या नात्याने तो विचार आम्ही माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

राजेशाहीत निष्ठेची शपथ सैनिक, सरदार आणि अधिकारी घेत; ती राजाच्या व्यक्तीशी बांधलेली असे. शाळकरी मुलांनी राष्ट्रनिष्ठेची प्रतिज्ञा म्हणावी, ही कल्पना आधुनिक राष्ट्रांची आहे. तिचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेचे. कोलंबसाच्या सफरीस चारशे वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी या धर्मोपदेशकाने बॉस्टनच्या ‘द यूथ्स कम्पॅनियन’ या नियतकालिकासाठी ध्वजाशी निष्ठेची प्रतिज्ञा लिहिली. यादवी युद्धाच्या आठवणी ताज्या होत्या आणि स्थलांतरितांचे लोंढे येत होते. या सर्वांना एका राष्ट्रात गुंफणे, हा तिचा हेतू होता. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही फ्रेंच राज्यक्रांतीची त्रयी प्रतिज्ञेत घालावी असे बेलामींच्या मनात आले होते. परंतु ती प्रत्यक्षात येणे फार दूरचे आहे, असे वाटून त्यांनी ती वगळली आणि स्वातंत्र्य व न्याय या दोन शब्दांवर समाधान मानले.

पुढे हीच प्रतिज्ञा सक्तीचे साधन झाली. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची मुले धर्मश्रद्धेमुळे ध्वजवंदन करीत नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले जाई. १९४० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती वैध ठरविली. मात्र १९४३ मध्ये त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरविला आणि कोणत्याही नागरिकाकडून श्रद्धेची कबुली बळाने वदवून घेता येणार नाही, असे सांगितले.

आपली प्रतिज्ञा लिहिली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी. नलगोंडा जिल्ह्यातील हे तेलुगू लेखक १९६२ मध्ये विशाखापट्टणम येथे जिल्हा कोषागार अधिकारी होते. मूळ तेलुगूतील ही प्रतिज्ञा प्रथम तेथील शाळांत म्हटली गेली. १९६४ मध्ये शिक्षणमंत्री एम. सी. छागला यांच्या अध्यक्षतेखाली बंगळूर येथे भरलेल्या केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या बैठकीत ती देशभर म्हटली जावी असे ठरले आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती लागू झाली. कोट्यवधी मुलांच्या मुखी असलेल्या या शब्दांचा कर्ता मात्र बहुतेकांना अपरिचितच राहिला.

बेलामींना जी बंधुता फार दूरची वाटली, ती आपल्या प्रतिज्ञेत देशाच्या उल्लेखापाठोपाठ ‘बांधव’ या शब्दाने येते. निष्ठेचे वचनही देश आणि देशबांधव या दोघांना मिळून दिलेले आहे. राजा, पक्ष वा नेता यांचा तेथे उल्लेख नाही. येथे आम्हांस परमपूज्य बाबासाहेबांचे स्मरण होते. संविधान सभेच्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा उल्लेख नव्हता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने १९४८ च्या मसुद्यात तो उद्देशिकेत समाविष्ट केला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी जाती राष्ट्रविरोधी असल्याचे बजावले आणि बंधुतेवाचून समता व स्वातंत्र्य वरवरच्या रंगाहून खोल जाणार नाहीत, असा इशारा दिला. ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर तथागत बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली, हेही त्यांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरून स्पष्ट केले.

प्रतिज्ञेत परंपरांच्या अभिमानाचाही उल्लेख आहे. गावकुसाबाहेर वाढलेल्या घरातील मुलाने कोणत्या परंपरेचा अभिमान बाळगावा, हा प्रश्न आमच्या वर्गातही विचारला जातो आणि तो रास्त आहे. ज्या रूढीने त्याच्या आजोबांना पाणवठ्यापासून दूर ठेवले, ती संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने गुन्हा ठरविली आहे. तिचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. परंतु बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांचा वारसा हीदेखील याच देशाची परंपरा आहे. तिचा पाईक होण्याची पात्रता अंगी आणणे, हे कष्टाचे काम आहे.

निष्ठा उच्चाराने सिद्ध होत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले आहे. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, मात्र गात नसत; त्यांना शाळेतून काढणे न्यायालयाने १९८६ मध्ये अयोग्य ठरविले. उलटपक्षी, खणखणीत आवाजात प्रतिज्ञा म्हणून जो सहाध्यायाची जात विचारतो, त्याने ती रोज मोडलेली असते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. आपला पाल्य सुटीत घरी आला की त्याला प्रतिज्ञा म्हणावयास अवश्य सांगा. त्यानंतर पंगतीत त्याच्या शेजारी कोण बसते, आजारी मित्राचे ताट कोण नेऊन देते, नवीन आलेल्या मुलाशी सर्वप्रथम कोण बोलले, हेही विचारा. माजी विद्यार्थ्यांनी हेच प्रश्न आपल्या कार्यालयात आणि वस्तीत स्वतःला विचारावेत. प्रतिज्ञा पाळली जात आहे की नाही, हे त्या उत्तरांतून कळेल.