पुतळ्यापाशी पाणी संपवू नकोस

पोरी, जपानमधल्या शिकोकूच्या 88 देवळांपैकी बारावं, शोसान्जी, पायी करायचं म्हणतेस ना, मग माझं एवढं ऐक.

अकराव्या देवळाच्या, फुजिइदेराच्या मागूनच वाट सुटते. अंतर साधारण 13 किलोमीटर. आकड्याला फसू नकोस, चांगल्या चालणाऱ्यालाही पाचेक तास लागतात, इतरांना सहा ते आठ. तिथले लोक या वाटेला ‘हेन्रो कोरोगाशी’ म्हणतात, यात्रेकरूला गडगडत खाली लोटणारी. वाटेत दुकान नाही. पाणी आणि ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेव.

मी चुकले ते वाटेतल्या जोरेन-आनपाशी. थकून पायऱ्या चढले, तर वर एका अवाढव्य झाडापुढे कोबो दाइशींचा, ज्यांच्या नावाने ही यात्रा करतात त्या संतांचा, उंच पुतळा. वाटलं, पोचलेच. हात जोडले आणि उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलं. तिथून वाट थेट खालच्या वाडीपर्यंत उतरते आणि तेवढीच पुन्हा अंगावर येते. त्या शेवटच्या चढाला जीभ टाळूला चिकटली होती. म्हणून सांगते, अर्धं पाणी आणि एक मुटका पुतळ्यानंतरसाठी राखून ठेव.

काठी घेच. उतारावर गुडघे तीच वाचवते. पण ती नुसती काठी नाही, तिच्या रूपाने दाइशी स्वतः बरोबर चालतात असं मानतात. तिच्या वरच्या टोकाला खाचा असतात, त्यावर कापडाची टोपी. ती जरा वर करून बघ. खाली संस्कृतच्या सिद्धम् लिपीत पाच अक्षरं दिसतील, पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांची. आपलीच पंचमहाभूतं! दाइशी 804 साली चीनला गेले आणि तिथे संस्कृतही शिकले. पूर्वी यात्रेकरू वाटेत गेला, तर हीच काठी त्याच्या थडग्यावर रोवत. म्हणून ते वरचं टोक मुठीत धरू नकोस. पुलावर काठी टेकवू नकोस, दाइशींनी एकदा पुलाखाली रात्र काढली होती म्हणतात, त्यांची झोप मोडायला नको. मुक्कामाला पोचलीस की स्वतःच्या पायांआधी काठीचं खालचं टोक धू.

देवळात घंटा आल्यावर वाजव, निघताना नाही. आधी मुख्य मंदिर, तिथे आकाशगर्भ बोधिसत्त्व आहेत, मग दाइशींचं. दुसऱ्याच्या मेणबत्तीवरून आपली पेटवू नकोस, त्याचं कर्म आपल्याकडे येतं म्हणतात. आणि ती मागच्या ओळीत लाव, म्हणजे नंतर येणाऱ्याचा हात भाजणार नाही. लोक हृदयसूत्र म्हणत असतील, तर शेवटचा ‘सोवाका’ कान देऊन ऐक. तो आपला ‘स्वाहा’.

यात्रेच्या वहीत देवळाचे शिक्के दर्शन झाल्यावरच घे. पण शिक्क्यांची खिडकी पाचला बंद होते, तेव्हा उजाडताच निघ. शिक्क्यांवर कुंचल्याने लिहून देतात, ती शाई बराच वेळ ओली राहते. मध्ये टिपकागद घाल, मगच वही मीट.