जड धातू आणि मातीतील जिवाणू

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, हे आपण शाळेत वाचतो आणि पान उलटतो. त्यांपैकी रायझोबियम हे नाव तरी शेतकऱ्याच्या मुलाने विसरू नये. तूर, हरभरा यांच्या मुळांवरील गाठींत राहून हे जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. गाठ नखाने फोडल्यावर आत तांबूस दिसली, तर ती कामाची.

या जिवाणूंची जड धातूंमुळे काय दशा होते, याचा बोलका पुरावा इंग्लंडमधील वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर मिळाला. तेथे १९४२ ते १९६१ या काळात काही वाफ्यांना शेणखत, तर काहींना शहरी सांडपाण्याचा गाळ दिला गेला. गाळ हे चांगले खत, हा समज काही खोटा नव्हे. परंतु गाळाबरोबर जस्त, तांबे, निकेल व कॅडमियमही जमिनीत उतरले.

गाळ बंद होऊन वीस वर्षे लोटल्यावर, १९८० च्या दशकात, रॉथॅमस्टेड संस्थेच्या संशोधकांनी ती माती तपासली. शेणखताच्या मातीच्या मानाने तीत सूक्ष्मजीवांचे एकूण वजन निम्म्याच्या आसपास भरले. मग क्लोव्हर हे आपल्या बरसीमच्या कुळातील चाऱ्याचे पीक लावून पाहिले. रोपे खुरटली. गाठी होत्या, पण बारीक व पांढऱ्या. नत्रखत दिल्यावर मात्र रोपे वाढली! म्हणजे रोप धातूंना पुरून उरले होते. मेला होता तो त्याचा सोबती. रायझोबियमचा जो वाण तगला, तो गाठी करी, पण नत्र देत नसे. बाहेरून चांगले जिवाणू सोडले, तरी रोपाच्या आश्रयावाचून ते तेथे टिकेनात.

धातू हे मूलद्रव्य. ते कुजणार कसे? पाण्याबरोबर वाहून जाण्याचे प्रमाणही अल्पच. जिवाणूच्या पेशीत शिरलेला जादा धातू विकरांना चिकटतो व त्यांचे कार्य थांबवतो.

ज्याला युरियाची गोणी परवडते त्याला हा बिघाड कळणारही नाही. पीक हिरवेच दिसेल. आमच्यासारखे कोरडवाहू शेतकरी मात्र पुढच्या ज्वारीसाठी त्या गाठींवरच भिस्त ठेवतात. शहरांलगतच्या मळ्यांत आजही गटाराचे पाणी वापरले जाते. तेथील हरभऱ्याचे एखादे रोप फुलोऱ्याआधी हलक्या हाताने खणून, मुळे धुऊन गाठी फोडून पाहाव्यात. पांढऱ्या निघाल्या तर कारण वेगळेही असू शकेल. पण माती तपासून घ्यायला तेवढे निमित्त पुरे.